बेरजेचा टाइप कोणी ठरवायचा?



ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण आज जमलो आहोत, ते सर आयुष्यभर गणित शिकवत राहिले. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना ठाऊक आहे, की एकक न लिहिलेल्या उत्तराला सर गुण देत नसत. आकडा बरोबर असला तरी नाही. आजच्या विषयाला त्यांचा हा दंडक चपखल बसतो. उत्तराचा आकडा आणि उत्तराचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रकाराकडे दुर्लक्ष झालं की आकडाही गुपचूप बिघडतो.

पत्रिकेत विषयाचं नाव जरा अवघड छापलं गेलं आहे. सोप्या मराठीत प्रश्न एवढाच: संगणकाला दोन गोष्टींची बेरीज करायला सांगितली, तर उत्तर कोणत्या प्रकारचं असेल हे कोणी ठरवायचं? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच सांगून ठेवायचं, की ज्यांची बेरीज होते आहे त्या दोन किमतींवरून ते ठरू द्यायचं? सी++ या भाषेने या प्रश्नाचं एक उत्तर 1998 साली दिलं आणि 2014 साली दुसरं. कोडमध्ये पाहिलं तर फरक इतकाच, की कंसातला एक शब्द गेला. तो का होता, का गेला आणि तो गेल्यावरही काय शिल्लक राहिलं, हे आज पाहू. सभागृहात रोज कोड लिहिणारे आहेत, तसे कधीच न लिहिलेलेही आहेत. म्हणून पडद्यावर कोड दाखवणार नाही, कानाला कळेल तेवढंच सांगतो.

चिन्ह हातात देता येत नाही

कागदावर 3 + 4 = 7 लिहून आपण मोकळे होतो. संगणकाची तेवढ्यावर सुटका होत नाही. ते 7 ठेवायला जागा किती लागेल आणि त्या जागेतले बिट कसे वाचायचे, हे त्याला ठाऊक असावं लागतं. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यंत्रांवर सी++ मधला 'इंट' 32 बिटांचा असतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या 2,14,74,83,647. 'डबल'मध्ये दशांश चिन्हापुढचे आकडे राहतात, इंटमध्ये ते छाटले जातात. 'अनसाइन्ड कॅरॅक्टर' 8 बिटांचा; त्यात 0 ते 255 एवढंच बसतं. किमतीसोबत चालणाऱ्या या ओळखीला प्रोग्रॅमर टाइप म्हणतात.

आता दुसरी गोष्ट. यादीतल्या सगळ्या किमतींची बेरीज, सगळ्यांचा गुणाकार, दोन याद्यांमधली ओळीओळीने वजाबाकी ही कामं वरवर वेगळी दिसतात, पण सांगाडे मोजकेच आहेत: यादीवरून चालत जायचं आणि प्रत्येक पायरीला एक क्रिया करायची. सांगाडा एकदाच लिहावा आणि क्रिया बाहेरून द्यावी, हा जेनेरिक प्रोग्रॅमिंगचा विचार. अडचण अशी, की सी++ मध्ये + हे चिन्ह व्याकरणाचा भाग आहे. ते दोन किमतींच्या मध्ये लिहिता येतं. उचलून दुसऱ्या फंक्शनच्या हातात देता येत नाही. स्कीम या भाषेत + हे इतर कुठल्याही फंक्शनसारखंच एक फंक्शन असतं, तिथे हा प्रश्न येतच नाही. सी++ मध्ये मात्र बेरजेसाठी एक छोटी वस्तू बनवावी लागते. तिला फंक्शनसारखी हाक मारता येते, आणि हाक आली की ती आत + करते. हेच फंक्शन ऑब्जेक्ट. सी भाषेतल्या फंक्शन पॉइंटरपेक्षा ते सरस ठरतं, कारण आत कोणती क्रिया आहे हे त्याच्या टाइपवरूनच कंपायलरला, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, कळतं. मग तो ती क्रिया जागच्या जागी उलगडतो आणि हाक मारण्याचा खर्चही वाचतो.

मॉस्को ते वॉटर्लू

या वस्तूंना सी++ मध्ये आणणारे अलेक्झांडर स्तेपानोव मूळचे गणितज्ञ. जन्म 1950 चा, मॉस्कोचा. 1976 साली, सोव्हिएत संघात असतानाच, कच्चे मासे खाऊन त्यांना विषबाधा झाली. रुग्णालयात, भ्रमाच्या अवस्थेत, त्यांच्या एकदम लक्षात आलं की संख्यांची बेरीज समांतर करता येते ती बेरजेच्या साहचर्यामुळे. ही हकीकत त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितली आहे. आधी कोणत्या दोघांना मिळवलं याने उत्तर बदलत नाही, म्हणून लांब यादीचे तुकडे पाडून वेगवेगळ्या यंत्रांना वाटता येतात. आणि हे फक्त बेरजेपुरतं नाही. साहचर्य असलेल्या कुठल्याही क्रियेला तोच अल्गोरिदम चालतो. अल्गोरिदमचं नातं संख्यांशी नसून बीजगणितातल्या रचनेशी आहे, हा विचार तिथून पुढे त्यांनी सोडला नाही.

अमेरिकेत आल्यावर डेव्हिड मसर यांच्याबरोबर त्यांनी हे आधी एडा भाषेत करून पाहिलं. मग ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत मेंग ली यांच्यासोबत सी++ मध्ये. बेल लॅब्जच्या अँड्र्यू कोनिग यांच्या सांगण्यावरून नोव्हेंबर 1993 मध्ये सॅन होजे इथे मानक समितीपुढे मांडणी झाली. जुलै 1994 मध्ये कॅनडातल्या वॉटर्लूच्या बैठकीत समितीने ती स्वीकारली, आणि 1998 च्या पहिल्या सी++ मानकात स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी अधिकृतपणे आली.

तिच्यात सहा अंकगणिती फंक्शन ऑब्जेक्ट होते: प्लस, मायनस, मल्टिप्लाइज, डिव्हाइड्स, मॉड्युलस आणि निगेट. गुणाकाराचं मूळ नाव 'टाइम्स' होतं. पण युनिक्सच्या एका हेडरमध्ये त्याच नावाचं फंक्शन आधीपासून नांदत होतं, म्हणून ते बदललं. यातला प्लस वापरायचा तर टोकदार कंसात टाइप लिहावा लागे: प्लस<इंट>, प्लस<डबल>. ज्या टाइपचं नाव दिलं, त्याच टाइपच्या दोन किमती आत जाणार आणि त्याच टाइपचं उत्तर बाहेर येणार.

हा आकार कुठून आला असावा? माझ्या मते सरळ बीजगणितातून. सेमीग्रुपची व्याख्या अशीच असते: एका संचातले दोन घटक घ्या, क्रिया करा, उत्तर त्याच संचात सापडेल. साहचर्यापासून सुरू झालेल्या विचाराला हा आकार सहज सुचणारा आहे. त्याला एक व्यावहारिक कारणही जोडलेलं होतं. त्या काळच्या सी++ मध्ये 'या दोन किमती मिळवल्यावर जो टाइप येईल तो' असं म्हणायला शब्दच नव्हता. आत येणाऱ्या किमतींचे टाइप टेम्प्लेट, म्हणजे टाइपची जागा मोकळी ठेवून लिहिलेला कोड, ताडू शकत होतं, पण परत जाणाऱ्या उत्तराचा टाइप लिहिणाऱ्याला नावानिशी लिहावाच लागे. शिवाय बाइंड-फर्स्ट, बाइंड-सेकंड यांसारखी जुनी जोडसाधनं प्रत्येक फंक्शन ऑब्जेक्टला आधीच विचारत: तुझा पहिला टाइप कोणता, दुसरा कोणता, उत्तराचा कोणता? ज्याला ते आधी सांगता येत नाही त्याला तिथे प्रवेश नव्हता.

आधीच बेतलेलं कापड

गिऱ्हाईक दुकानात येण्याआधीच शिंप्याने कापड बेतून ठेवावं, तसं हे प्लस<इंट>. ठरलेल्या अंगाचा माणूस आला तर सदरा छान बसतो. दुसरा आला तर सी++ त्याला परत पाठवत नाही, कपड्यात कोंबते. प्लस<इंट> ला 2.5 आणि 2.5 दिले, तर आत जातानाच दोन्हींचे 2 होतात आणि उत्तर 4 येतं. कंपायलरने फार तर इशारा द्यावा. चूक म्हणून अडवण्याची सक्ती त्याच्यावर नाही.

उलट दिशेनेही असंच होतं. चित्रातल्या दोन बिंदूंची तेजस्विता मिळवायची आहे. प्रत्येक बिंदू अनसाइन्ड कॅरॅक्टरमध्ये ठेवलेला, म्हणजे 0 ते 255. एक 200, दुसरा 100. सी++ मध्ये साधं + लिहिलं तर भाषा आधी दोघांना इंट करते आणि 300 मिळतात. तेच काम प्लस<अनसाइन्ड कॅरॅक्टर> वर सोपवलं तर आतली बेरीज 300 च होते, पण बाहेर पडताना ती 8 बिटांत कोंबली जाते आणि हाती 44 येतात. यादीतल्या किमतींचा जो टाइप तोच कंसात इमानदारीने लिहिला, तरी ही गत.

याहून खोल अडचण अशी, की व्यवहारातलं अंकगणित सेमीग्रुपच्या संचात राहत नाही. तारखेतून तारीख वजा केली तर तारीख मिळत नाही, दिवस मिळतात. तारखेत दिवस मिळवले तर तारीख मिळते. तारखेत तारीख मिळवायची म्हटली तर त्याला काही अर्थच नाही. सी++ च्या 2011 च्या मानकात आलेल्या 'क्रोनो' या कालगणनेच्या लायब्ररीने हे नेमकं टाइपमध्ये बांधलं आहे: क्षण वेगळा, कालावधी वेगळा. आता समजा एका यादीत गाड्या सुटल्याच्या वेळा आहेत आणि दुसरीत पोचल्याच्या, आणि प्रवासाला लागलेला वेळ काढायचा आहे. मायनसच्या कंसात काय लिहाल? क्षणाचा टाइप लिहिला तर उत्तरही क्षणच असायला हवं, पण वजाबाकीतून निघतो कालावधी, आणि क्रोनो त्याला आपसूक क्षण होऊ देत नाही. प्रोग्रॅम कंपाइल होत नाही. कालावधीचा टाइप लिहिला तर आत क्षण जाऊ शकत नाहीत. दोन टाइपमधलं नातं एका नावात मावतच नाही. मॅट्रिक्स आणि व्हेक्टरचा गुणाकार घ्या, पॉइंटरमधून पॉइंटरची वजाबाकी घ्या, सगळीकडे हीच अवस्था.

आणि रोजच्या कामातली कटकट वेगळीच. यादीचा टाइप एका फाइलमध्ये जाहीर केलेला असतो, मल्टिप्लाइज<इंट> दुसऱ्या फाइलमध्ये कुठेतरी. पुढे आकडे वाढले म्हणून कोणी यादी इंटवरून लाँग लाँगवर, म्हणजे 64 बिटांवर नेतो. दुसऱ्या फाइलमधला इंट तिथेच राहतो. प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतो आणि मोठ्या आकड्यांचे वरचे बिट निमूटपणे टाकून देतो.

रिकामे कंस

उत्तराच्या टाइपला शब्द नव्हता म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्यांनी आपापले मार्ग काढले होते. याको यार्वी आणि गॅरी पॉवेल यांच्या बूस्ट लॅम्डा लायब्ररीत अंकगणिती क्रियांच्या उत्तरांचे टाइप काढण्याचे नियम हाताने मांडून ठेवावे लागले. पुढे याच यार्वींनी बियार्ने स्ट्राउस्ट्रुप, डग्लस ग्रेगर आणि जेरेमी सीक यांच्याबरोबर 2003 साली समितीपुढे 'डेक्लटाइप' आणि 'ऑटो' यांचा प्रस्ताव ठेवला. डेक्लटाइप म्हणजे कंपायलरला विचारणं: ही राशी मी मांडली तर तिचा टाइप काय येईल? मोजू नकोस, फक्त सांग. हे 2011 च्या मानकात आलं. त्याच मानकात 'परफेक्ट फॉरवर्डिंग' आलं, म्हणजे आलेली किंमत तात्पुरती होती की टिकाऊ ही ओळख न पुसता तिला पुढे देणं. लागणारी हत्यारं आता हाताशी होती.

2012 साली मायक्रोसॉफ्टमध्ये स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररीचं काम पाहणारे स्टीफन टी. लाववेय यांनी समितीला एक प्रस्ताव दिला. त्यांच्या नावाची आद्याक्षरं एस. टी. एल. आहेत, आणि हेच त्या लायब्ररीचं लघुनाम, ही केवळ गंमत. प्रस्ताव स्वीकारला गेला आणि 2014 च्या मानकात आला. त्यानुसार कंस रिकामे ठेवता येतात: प्लस<>. रिकाम्या कंसाचा अर्थ 'व्हॉइड', म्हणजे 'कुठलाच टाइप नाही', असा धरला जातो. ही निवड हुशारीची आहे. व्हॉइड टाइपच्या किमती अस्तित्वातच नसतात, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या प्लस<व्हॉइड> चा कोणाला काही उपयोग नव्हता. ती मोकळी जागा वापरल्याने जुना कोड जसाच्या तसा चालत राहिला.

आत काय बदललं? पूर्वी प्लस हे टेम्प्लेट होतं आणि त्याची हाक ठरावीक टाइपची होती. आता प्लस<> ही एकच वस्तू, आणि तिची हाक टेम्प्लेट झाली. टाइप पूर्वी वस्तू बनवताना ठरे, तो आता हाक मारताना ठरू लागला. कोणतेही दोन टाइप येऊ देत. त्यांच्यामध्ये + लिहून जे येईल तेच उत्तर, त्याच टाइपचं. बिंदूंची बेरीज आता 300 येते. पोचल्याच्या क्षणातून सुटल्याचा क्षण वजा केला की कालावधी मिळतो. पूर्णांक नग आणि डबलमधला भाव यांचा गुणाकार पैसे न गमावता होतो. आणि तारखेत तारीख मिळवायला गेलात तर कंपायलर थांबवतो, कारण तिथे + अस्तित्वातच नाही.

आणखी एक फायदा कमी बोलला जातो. प्लस<स्ट्रिंग> दोन्ही मजकूर 'हात न लावण्याच्या' बोलीवर घेतं, म्हणून प्रत्येक जोडणीला नवीन जागा घेऊन सगळं नकलून काढतं. हजार तुकडे एकापुढे एक जोडायचे तर आधी जोडलेला मजकूर पुन्हा पुन्हा नकलला जातो. प्लस<> मात्र तात्पुरती किंमत तात्पुरती म्हणूनच पुढे देतं. 2020 च्या मानकात 'अॅक्युम्युलेट' हे बेरीज करणारं फंक्शन आपली चालू बेरीज तशीच सोपवू लागलं, आणि त्याच जागेत मजकूर वाढवत जाणं शक्य झालं. टाइपचं नाव गाळल्याने वेगही मिळाला, तो असा.

इथे कोणी विचारेल, की 2014 च्याच मानकात जेनेरिक लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, हाही आला. 'कुठलेही दोन घे आणि मिळव' असं एका ओळीत लिहिता येतं, मग प्लस<> कशाला? दोन कारणं. नाव वाचताच वाचणाऱ्याला क्रिया कळते. आणि नावाची वस्तू लायब्ररीलाही ओळखता येते: ही बेरीज आहे, म्हणजे हिच्यासाठी माझ्याकडे जलद वाट आहे, असं ती ठरवू शकते. लॅम्डाच्या पोटातलं + तिला दिसत नाही.

जिथे नाव लिहिणारा बरोबर ठरतो

इथवर ऐकून वाटेल, की टाइप लिहिणं हीच चूक. तसं नाही, आणि विरुद्ध बाजूचं सर्वांत बळकट उदाहरण मला मांडलंच पाहिजे.

थंड प्रदेशातली तीन दिवसांची तापमानं आहेत. पूर्णांकात बेरीज उणे 6 अंश. सरासरी हवी. नोंदींची संख्या यादीलाच विचारली तर ती 3 सांगते, पण सी++ च्या याद्या आपली लांबी चिन्हरहित, म्हणजे उणे किमती न मावणाऱ्या, टाइपमध्ये सांगतात, आजच्या यंत्रांवर बहुधा 64 बिटांच्या. डिव्हाइड्स<> ला उणे 6 आणि हे 3 दिले की भाषेचा नियम लागू होतो: रुंद चिन्हरहित टाइप समोर आला की चिन्हसहित किंमत चिन्हरहित होते. उणे 6 ची प्रचंड धन संख्या होते आणि सरासरी येते 6148914691236517203 अंश. आणि त्या 'जुनाट' डिव्हाइड्स<इंट> ला हेच दोन दिले असते तर? 3 चा इंट झाला असता आणि उत्तर आलं असतं उणे 2. अगदी बरोबर.

तुलनेच्या वस्तूंचीही हीच कथा. लेस<> ला उणे 1 आणि चिन्हरहित 1 दिले, तर उणे 1 लहान नाही असं ती सांगते. 2020 च्या मानकात कंप-लेस नावाचं वेगळं फंक्शन द्यावं लागलं, जे गणिताला धरून उत्तर देतं.

यावरून काय शिकायचं? रिकामे कंस गणिताची हमी देत नाहीत. भाषेत तिथे + किंवा / लिहिलं असतं तर जे झालं असतं, नेमकं तेच होईल, एवढीच त्यांची हमी. मध्यस्थाने आपली भर घालू नये, हा त्यांचा गुण. पण भाषेच्या नियमांत सी च्या काळापासून आलेल्या खोडी असतील, तर त्या खोडीही विश्वासूपणे पोचवल्या जातात. 7 भागिले 2 इंटमध्ये 3 च येणार. दोनशे कोटीत दोनशे कोटी मिळवले, दोन्ही इंट असले, तर प्लस<> ते वाचवू शकत नाही. चिन्हसहित इंटची मर्यादा ओलांडली की काय होईल याबद्दल मानक काहीच आश्वासन देत नाही.

आणखी एक सावधगिरी. आयगनसारख्या मॅट्रिक्स लायब्ररीत दोन मॅट्रिक्सच्या बेरजेचं उत्तर मॅट्रिक्स नसतं, 'ही बेरीज करायची आहे' अशी एक नोंद असते. प्रत्यक्ष काम ते साठवायच्या वेळी होतं, त्यामुळे मधल्या नकला वाचतात. ताडलेला टाइप इथे त्या अर्धवट नोंदीचा असतो. ती नोंद जपून ठेवली आणि मधल्या काळात मूळ मॅट्रिक्स नाहीशी झाली, तर नोंद रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहते. अशा वेळी 'मला पूर्ण झालेली मॅट्रिक्स हवी' असं नावानिशी सांगणं हाच शहाणपणा.

शून्य कोणतं?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तीन वस्तूंच्या किमती घ्या: 12.50, 7.75 आणि 3.25 रुपये. बेरीज 23.50. अॅक्युम्युलेटला ही यादी द्यायची, सुरुवातीची किंमत 0 द्यायची आणि क्रिया म्हणून प्लस<> द्यायचं. उत्तर येतं 22.

पायऱ्या मोजू. 0 अधिक 12.50 म्हणजे 12.50, प्लस<> ने डबलच उत्तर दिलं. पण अॅक्युम्युलेट आपली चालू बेरीज ज्या चलात ठेवतं त्याचा टाइप सुरुवातीच्या किमतीवरून ठरतो, आणि आपण दिलेलं 0 इंट आहे. म्हणून 12 राहिले. 12 अधिक 7.75 म्हणजे 19.75, ठेवले 19. 19 अधिक 3.25 म्हणजे 22.25, ठेवले 22. प्रत्येक बेरीज बरोबर झाली आणि प्रत्येक वेळी ठेवताना पैसे गळले. 0 च्या जागी 0.0 लिहिलं की 23.50 मिळतात.

इथे दोन प्रश्न वेगळे झालेले दिसतात. एक: दोन किमती भेटल्या की उत्तर कोणत्या टाइपचं? दोन: ते उत्तर कुठे ठेवायचं? 2014 च्या बदलाने पहिला प्रश्न लिहिणाऱ्याच्या डोक्यावरून उतरवला. दुसरा तिथेच राहिला, आणि तो एका साध्या शून्यात लपलेला होता. 2017 च्या मानकात आलेल्या 'रिड्यूस'मध्ये क्रिया न सांगितली तर प्लस<> च गृहीत धरतात, तरी साठवण सुरुवातीच्या किमतीच्याच टाइपमध्ये.

दुसऱ्या प्रश्नाला हात लागला तो सी++23 या मानकात. त्यातल्या 'फोल्ड-लेफ्ट' या फंक्शनने वेगळा पवित्रा घेतला. सुरुवातीच्या किमतीचा टाइप ते साठवणीसाठी वापरत नाही. सुरुवातीची किंमत आणि यादीतली किंमत यांवर क्रिया केली तर काय येईल हे विचारून साठवणीचा टाइप ठरवतं. इंट 0 आणि डबल 12.50 यांच्यावर प्लस<> लावलं की डबल. म्हणून चालू बेरीज डबल, आणि उत्तर 23.50. हे घडतं ते मात्र प्लस<> असेल तरच. तिथे कोणी जुन्या सवयीने प्लस<इंट> लिहिलं, तर फोल्ड-लेफ्टचंही उत्तर पुन्हा 22. क्रियेने खरं सांगितलं तरच अल्गोरिदमला खरं ठरवता येतं.

इतर भाषांची रीत

दुसऱ्या भाषा याच प्रश्नाला कसं भिडतात हे पाहिलं की सी++ ची निवड अधिक स्पष्ट होते. हॅस्केलमध्ये संख्यांच्या + चा आकार अजूनही बीजगणितातला: दोन्ही किमती एकाच टाइपच्या, उत्तरही त्याच टाइपचं. कंपायलर तो टाइप उत्तम ताडतो, पण पूर्णांक आणि अपूर्णांक मिसळायचे तर रूपांतर तुम्ही लिहायचं. पायथॉनमध्ये ऑपरेटर मॉड्यूलमधलं 'अॅड' काहीही मिळवायला घेतं; तिथे तारखेतून तारीख वजा केली तर कालावधीही मिळतो, पण जमतंय की नाही हे प्रोग्रॅम चालताना कळतं. रस्टने तिसरा मार्ग घेतला. तिथे बेरीज करू शकणारा प्रत्येक टाइप 'माझ्यात अमुक मिळवलं तर उत्तर तमुक टाइपचं' असं जाहीर करतो. क्षणातून क्षण वजा केला तर कालावधी, हे रस्टमध्येही आहे. पण 32 बिटांचा पूर्णांक आणि 64 बिटांचा पूर्णांक आपसूक मिसळू दिले जात नाहीत, त्यामुळे उणे 6 ची ती प्रचंड सरासरी तिथे कंपायलरच्या दारातच अडते. टाइप ताडण्याची मुभा आणि आपसूक रूपांतराची मुभा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे रस्टवरून नीट कळतं. सी++ ने पहिली या फंक्शन ऑब्जेक्टना 2014 साली दिली. दुसरी तिला सी कडून वारशाने मिळाली होती, आणि लाखो ओळींचा जुना कोड मोडल्याशिवाय ती परत घेता येत नाही.

श्रोतेहो, समारोपाकडे येतो. टाइप ताडणं म्हणजे टाइपबद्दल बेफिकीर होणं, असा समज शिकवणाऱ्यांमध्येही आढळतो. मला तो पटत नाही. जी गोष्ट दोन किमतींवरूनच ठरते ती तिसऱ्या जागी पुन्हा लिहिली, तर एक दिवस दोन्हींत तफावत पडणारच. म्हणून ती लिहू नये. पण जी गोष्ट किमतींवरून ठरत नाही, ती माणसालाच सांगावी लागते. बेरीज किती मोठी होऊ शकेल, पैसे छाटलेले चालतील का, उणे संख्या येणार आहेत का, या गोष्टी कोणत्याही कंपायलरला ताडता येणार नाहीत, कारण त्या प्रोग्रॅममध्ये नसतात. त्या हिशेबाच्या हेतूत असतात.

इथे बसलेल्या तरुण प्रोग्रॅमरांना आणि त्यांचा कोड तपासणाऱ्यांना माझी सूचना त्यामुळे अगदी साधी आहे. अंकगणिती फंक्शन ऑब्जेक्टचे कंस रिकामे ठेवणं ही नेहमीची रीत ठेवा. साठवणीचा टाइप आणि सुरुवातीचं शून्य मात्र दर वेळी थांबून, विचारून ठरवा. आणि ज्या ओळीत कंसात टाइप लिहिणं भागच पडेल, त्या ओळीशेजारी तो का लिहिला हे एका वाक्यात नोंदवा, म्हणजे पुढे यादीचा टाइप बदलणाऱ्याला तो काढायचा की ठेवायचा हे कळेल.